पडद्याच्या दोन्ही बाजू

हौशीराम ओझरच्या जत्रेतून धावतच गाडीतळावर आला, तेव्हा त्याचे वडील चिमाजी निमगावहून गाडी ओढून आणलेल्या बैलांपुढे कडबा टाकत होते आणि सारजाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होत्या. धोंडाबाई पिठाचे गोळे करून सासूच्या हाताशी देत होती. तिचा भाऊ भिमाजी त्याच दिवशी सकाळी येडगावहून आला होता आणि गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. विघ्नहराचं दर्शन दुपारीच झालं होतं. खरं तर एव्हाना सगळ्यांनी हसतखेळत रेवड्या खाव्यात, पाळण्यात बसावं, पण या घरातलं माणूस गेले दोन महिने हसलं नव्हतं.

त्याचं कारण संपत. चिमाजींचा थोरला मुलगा, धोंडाबाईचा नवरा. पलटणीतून बसऱ्याकडे लढाईवर गेला आणि दोन वर्षांमागे त्याची पत्रं थांबली. मार्गशीर्षात सरकारी कागद आला, की शिपायाचा ठावठिकाणा लागत नाही, तो हयात नसावा. चिमाजींनी तो कागद तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचवून घेतला आणि मग ठरवलं, की येत्या अवसेला पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे आणि सुनेला मोकळी करायची. भिमाजी तिला घेऊन जाईल, चांगलं घर बघून पाट लावून देईल. बावीस वर्षांच्या, मूलबाळ नसलेल्या पोरीला आयुष्यभर दाराकडे बघत बसवणं चिमाजींना पाप वाटत होतं. सारजाबाईंना पुतळा जाळणं पाप वाटत होतं. धोंडाबाईला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही ते सांगितलं नव्हतं.

"आबा, बघून आलो," हौशीराम म्हणाला. "राजमहंमदचा तंबू. हालत्या चित्रांचा. आपल्या बायकामाणसांनी बघावंच असा खेळ हाये."

भिमाजी हसला. हसण्याजोगंच होतं ते. या घराची रीत अशी, की बायकांना कुठलाही खेळ दाखवायचा तर आधी घरच्या एका पुरुषानं तो स्वतः पाहून यायचा आणि बघण्यासारखा आहे की नाही ते चारचौघांत सांगायचं. चिमाजींच्या वडलांपासून चालत आलेलं. हल्ली ते काम हौशीरामकडे होतं, आणि तिथंच सगळा घोटाळा होता. तीन वर्षांमागे नारायणगावच्या जत्रेत हा शहाणा कनातीबाहेरूनच ढोलकी ऐकून आला आणि "झकास भजन हाये" म्हणून सांगता झाला. आई, वहिनी, दोन आत्या पुढे जाऊन हात जोडून बसल्या, आणि आतून निघाली नाचीण. तेव्हापासून हौशीरामनं चांगलं म्हटलेलं पाणीसुद्धा घरातले लोक फुंकून पीत.

"भजन हाये का?" चिमाजींनी कडब्याची पेंढी सोडत विचारलं.

"आबा, आता तरी सोडा की ते. ह्या खेपेला बसून बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनदा." हौशीराम चुलीजवळ उकिडवा बसला आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. "आये, पांढरं धोतर बांधल्यावानी कापड हाये नुसतं. अंधार करत्यात. मग त्याच्यावर पयला गणपती येतो. रंगीत. काचेवर काढलेला, आपल्या ह्याच विघ्नहरावानी. त्यो हालत न्हाई. पर त्याच्यानंतरचं सगळं हालतंय. आगगाडी येती, थेट आपल्या अंगावर. पुढची माणसं उठून पळाली. मी न्हाई पळालो."

"पळाला असशील," भिमाजी म्हणाला.

"दुसऱ्यांदा न्हाई पळालो. मग हत्ती नदीत अंघोळ करतो, ते बघाच. मग एक जाडा सायेब शिडीवरनं पडतो, ते न्हाई बघितलं तरी चालंल, लई लांबवलंय. मग समुद्र. आये, समुद्र! लाटा येत्यात आन फुटत्यात, आन पाय वल्लं व्हत न्हाईत." तो थांबला. चुलीतल्या जाळाकडे बघत म्हणाला, "आन शेवटाला पलटण हाये. शिपाई. नदीकाठी उतरल्यालं."

सारजाबाईंचा हात तव्यावरच राहिला. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा धोंडाबाईनं ती उलटली.

"कुठल्या मुलखातली नदी?" सारजाबाईंनी विचारलं.

"त्ये काय लिवलेलं न्हाई. राजमहंमद म्हनतो, बसऱ्याकडची."

"कवाची?"

"दोन वर्सांमागची फीत हाये, म्हनतो."

चिमाजींनी पेंढी टाकली. "हौशा, खरं सांग. काय बघून आलास तू?"

हौशीराम खोटं बोलण्यात कच्चा होता, पण अर्धं खरं सांगण्यात तरबेज होता. "एक गडी हाये त्यात. दादावानी दिसतो. मी त्योच हाये असं म्हनत न्हाई. पर तुमी बघावं, असं माझं म्हननं हाये." त्यानं जे पोटात ठेवलं ते हे, की तो गडी नदीत दगड भिरकावतो आणि तो उजव्या हातानं भिरकावतो. संपत डावरा होता. जोंधळ्यावरची पाखरं उठवायला तो डाव्या हातानं गोफण फिरवायचा आणि शेजारच्या बांधावरचे लोक आपली कामं टाकून बघत राहायचे. हौशीरामला वाटलं, आईला निदान तोंड तरी दिसेल. बाकीचं कुणी बघितलंय?

"जायाचं," सारजाबाई म्हणाल्या.

"अगं, कापडावरचं भूत बघून..."

"भूत तर भूत. तुमी पळसाच्या पानाला पोरगा म्हनून जाळनार. मी कापडावरच्याला पोरगा म्हनून बघितलं तर तुमचं काय बिघडलं?"

चिमाजींनी टाकलेली पेंढी पुन्हा उचलली. भिमाजी तोंडात सुपारी टाकून म्हणाला, "मामा, जाऊ द्या त्यांना. बघितल्यावर मन निवंल." त्याला मन निवायला हवंच होतं. येताना तो आळेफाट्याकडच्या एका घराशी बोलून आला होता.

*

राजमहंमदचा बाप जुन्नरात कागद करायचा. कागदाचा धंदा बसला तेव्हा मुलानं मुंबईहून यंत्र आणलं आणि गावोगाव तंबू टाकू लागला. घरचं जुनं शहाणपण मात्र त्याच्या बायकोकडे राहिलं, जैबुन्निसाकडे. पुरुषांच्या गर्दीत बायका बसणार नाहीत हे तिनं पहिल्याच गावात ओळखलं. मग तिनं पडदा तंबूच्या मधोमध टांगायला लावला. पुढच्या अंगाला पुरुष आणि यंत्र, मागच्या अंगाला बायका. खेळ सुरू व्हायच्या आधी ती घागर घेऊन पडद्यावर पाणी मारायची. ओल्या कापडातून उजेड आरपार जायचा आणि चित्र दोन्हीकडे दिसायचं.

सारजाबाई मागे पुढच्याच ओळीत बसल्या, सुनेचा हात धरून. कापडातून पाणी ठिबकत होतं. बायका कुजबुजत होत्या. मग बत्त्या विझल्या, पलीकडे यंत्र खडखडलं आणि ओल्या कापडावर गणपती उगवला.

उगवला हाच शब्द सारजाबाईंच्या मनात आला. डोंगराआडून दिवस यावा तसा. शेंदरी, सोनेरी, ओला, तेजानं भरलेला. सगळ्या बायकांचे हात एकदम जोडले गेले. कुणीतरी रडली. मागच्या बाजूनं बोलायची पद्धत नसूनही जैबुन्निसा हळूच म्हणाली, "बघा, बघा मावशी, डोळे भरून बघा."

मग आगगाडी आली आणि बायका किंचाळल्या. हत्ती आला तेव्हा हसल्या. समुद्र आला तेव्हा पुढच्या ओळीतल्यांनी पाय आवरून घेतले. सारजाबाईंनी आयुष्यात कुकडी आणि मीना या दोनच नद्या पाहिल्या होत्या. एवढं पाणी देवानं एका जागी ठेवलं आणि आपण साठ वर्षं त्याच्याविना जगलो, याचं त्यांना मोठं नवल वाटलं. ते पाणी ओलांडून संपत गेला होता. त्या पहिल्यांदाच घाबरल्या.

आणि मग शिपाई आले. रांगेनं, फेट्यात, धुळीनं माखलेले. नदीकाठी उतरले, कुणी पाणी पीत होता, कुणी पाय धूत होता. एक उंच गडी काठावर उभा राहिला, वाकला, दगड उचलला आणि पाण्यावर भिरकावला.

डाव्या हातानं.

सारजाबाई उठून उभ्या राहिल्या. "धोंडे!" त्या ओरडल्या. "धोंडे, डावा हात!"

धोंडाबाईनं पाहिलं होतं. तो गडी हसला, त्यानं मान वळवली, चित्र संपलं, कापड नुसतंच पांढरं झालं. दोन वर्षं तिनं स्वतःला समजावलं होतं, रोज थोडं थोडं, भाजीला मीठ घालावं तसं, आणि ते सगळं एका दगडात वाहून गेलं.

*

तंबूबाहेर टेंभ्याच्या उजेडात कुटुंब पुन्हा एकत्र आलं आणि भांडणाला तोंड फुटलं.

"त्यो न्हाई," चिमाजी म्हणाले. "तोंडवळा हाये, मी नाय म्हनत न्हाई. माझंबी काळीज हाललं. पर त्यानं दगड उजव्या हातानं मारला. आपला पोरगा उजव्या हातानं चिमणीबी उडवत नसं."

"उजव्या?" सारजाबाई म्हणाल्या. "अवो, तुमच्या डोळ्याला झालंय काय? डावा व्हता! डावा! विचारा हिला!"

"डावा व्हता, मामंजी," धोंडाबाई म्हणाली.

"उजवा व्हता," भिमाजी म्हणाला. "आम्ही पन्नास जणांनी बघितलं."

"आमी सत्तर जणींनी बघितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? हौशा, तू सांग. तू दोनदा बघितलंस."

हौशीराम म्हणाला, "आये, मी बघितलं तवा उजवाच व्हता." सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हनूनच मी 'त्योच हाये' असं म्हनलो न्हाई. मला वाटलं, तू तोंड बघशील, बास. पर आता तू डावा म्हंतीस... आबा, आसं तर न्हाई ना, की आईला जे दिसायचं तेच त्या कापडावर दिसतं? विघ्नहराच्या दारात हाये हा तंबू."

एरवी चिमाजींनी त्याला हाकलून दिलं असतं. पण आज त्यांनी निर्जीव कापडावर समुद्र हलताना पाहिला होता. ज्याला ते शक्य आहे त्याला काय अशक्य? ते देवळाच्या कळसाकडे पाहत उभे राहिले. "मला तर उजवा दिसला," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्या बाप असून मला उजवा का दावला?"

"कारण तुमच्या मनात पुतळा हाये," सारजाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की भिमाजीनंही नजर वळवली. "मोडा ती अवस. माझा पोरगा जित्ता हाये. देवानं कौल दिला."

"कौल दिला तर माझी बहीण बसंल जल्मभर!" भिमाजी चिडला. "दोन वर्सांमागची फीत हाये ती! त्योच असला तरी तवाचा हाये, आत्ताचा न्हाई!"

"पावणं, गप बसा," हौशीराम म्हणाला. म्हणजे आता हौशीरामही आईकडे गेला होता, आणि चिमाजी कुठल्याच बाजूला नव्हते. ते डोकं धरून दगडावर बसले होते.

धोंडाबाईचं लक्ष आता भांडणात नव्हतं. ती आठवत होती. हात जोडले तेव्हा पडद्यावर काय होतं? शेंदरी गणपती. दुपारी गाभाऱ्यात ज्याला डोळे भरून पाहिलं त्याच्यासारखाच काढलेला. पण काहीतरी चुकलं होतं. तेव्हा तिला नीट वाटलं नव्हतं आणि देवाबद्दल शंका नको म्हणून तिनं तो विचार सोडून दिला होता.

"दादा," तिनं भावाला विचारलं, "पयला जो गणपती दावला, त्याची सोंड कोन्या अंगाला व्हती?"

"म्हंजे? आपल्या विघ्नहरावानी. डाव्या."

"आमाला उजव्या सोंडेचा दिसला."

सारजाबाई म्हणाल्या, "व्हय, उजव्या सोंडेचाच. लई कडक देव त्यो, म्हनून तर मी म्हनलं..." आणि त्या थांबल्या.

जैबुन्निसा घागर भरून तिथूनच चालली होती. धोंडाबाईनं तिला थांबवलं. "जैबुनबी, गणपतीच्या काचा दोन हायेत का?"

"एकच हाय बाई. आमच्या जुन्नरातल्या चितारी गफूरनं काढलेली. एवढ्या महाग काचा दोन-दोन कुठून आणायच्या?" जैबुन्निसानं घागर खाली ठेवली. तिनं एकेकाचे चेहरे पाहिले आणि तिला सगळं कळलं. रोज गावोगाव हेच होत असावं. "मागून बघितलं की उलटं दिसतंय. डावं ते उजवं. मी कुणाला सांगत नाही. देव कुठल्या सोंडेचा बघायचा, ते ज्याच्या त्याच्या नशिबावर."

जत्रेतल्या पाळण्याचा करकर आवाज तेवढा येत होता.

"म्हंजे त्यो उजव्याच हाताचा," भिमाजी हळूच म्हणाला. आता त्यालाही जिंकल्याचा आनंद झाला नाही.

"मला डावा दिसला," सारजाबाई म्हणाल्या.

"आये..."

"मला डावा दिसला, हौशा. माझ्या डोळ्यांनी."

चिमाजी उठले. सुनेसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं कधीच पाहिलं नव्हतं. "पोरी, आमच्या घरात पुरुषानं बघायचं आन बायकांनी ऐकायचं. आज म्या बघितलं, हौशानं बघितलं, आमाला कुणालाच काय सांगता येत न्हाई. तुझा नवरा हाये. दुसरा खेळ आत्ता लागतोय. तू पुढून बघ. तू सांगशील ती अवस, तू सांगशील ते पुढलं. मी दुसऱ्या कुणाचं ऐकनार न्हाई."

*

पुरुषांच्या बाजूला बाई आलेली पाहून तंबूत कुजबुज झाली. राजमहंमद यंत्राजवळून म्हणाला, "बसू द्या. आज बसू द्या." भिमाजी एका बाजूला, हौशीराम दुसऱ्या बाजूला. चिमाजी त्यांच्या मागे उभे होते. सारजाबाई पुढे यायला तयार झाल्या नव्हत्या. त्या पलीकडेच गेल्या, आपल्या जागी.

गणपती आला. डाव्या सोंडेचा, ओळखीचा, मायाळू. धोंडाबाईनं हात जोडले पण मागितलं काहीच नाही. काय मागावं हेच तिला ठरवता येईना. त्यो असू दे म्हणावं तर आयुष्य दाराशी बसायचं. नसू दे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

गाडी आली, हत्ती आला, जाडा साहेब पडला. हौशीराम बरोबर म्हणाला होता, ते लांबलंच होतं. समुद्र आला. मग शिपाई.

आता तिनं घाई केली नाही. एकेक चेहरा पाहिला. केवढे तरुण होते सगळे. धुळीतून हसत होते, कुणाला तरी हाक मारत होते, आवाज मात्र येत नव्हता. प्रत्येकाच्या घरी चूल असेल आणि चुलीपाशी कुणीतरी बसली असेल, आणि तिला ठाऊकही नसेल, की ओझरच्या जत्रेत आपला माणूस आत्ता पाणी पितोय. कसली ही विद्या, धोंडाबाईला वाटलं, जी मेलेल्याला चालवते आणि जिवंताला कापडात ठेवते! तिला भीती वाटली, आणि तरी नजर काढवेना. असलं काही पुन्हा आयुष्यात दिसायचं नाही, हे तिला कळत होतं.

उंच गडी काठावर आला. वाकला. उजव्या हातानं दगड मारला.

हात तर तिनं पाहिलाच. पण त्याआधी तिनं त्याचं चालणं पाहिलं होतं. संपत चालताना खांदे पुढे टाकायचा, नांगरामागे चालल्यासारखा, देवळात जातानाही. हा गडी ताठ होता. मग तो हसला, मान वळवली. गोड हसू होतं त्याचं. कुणाच्या तरी घरचं.

"त्यो?" भिमाजीनं कानाशी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं पुसलं नाही. "आपले न्हवंत ते, दादा. कुणाचं तरी असतील. सुखी असू देत."

"मग अवस..."

"अवसंला करू. पर निमगावात न्हाई. येडगावात, आपल्या नदीवर. सासूबाईंच्या डोळ्यांपुढं पुतळा नगं. मी त्याच दिवशी तुझ्यासंगं येईन. पुढचं पुढं बघू."

"अग्नी मी देतो, वयनी," दुसऱ्या बाजूनं हौशीराम म्हणाला. तो मोठ्यानं रडत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. "मीच तुमाला इथं आणलं."

"बघण्यासारखं व्हतं, भावजी," धोंडाबाई म्हणाली. "तुमी खरं बोललात."

तिनं मागे वळून पाहिलं, सासऱ्यांना सांगायला. त्यांची जागा रिकामी होती.

ती फीत लहान होती, म्हणून रात्रीच्या शेवटच्या खेळाला राजमहंमद ती पुन्हा एकदा फिरवायचा. पडद्यावर शिपाई पुन्हा नदीकाठी उतरले. उंच गडी पुन्हा पुढे आला, वाकला, आणि त्याच वेळी ओल्या कापडापलीकडून, बायकांच्या बाजूनं, सारजाबाईंचा आवाज आला. तो तंबूभर ऐकू गेला.

"बघा! बघा, आता मारतोय! डावा हात हाये का न्हाई? सांगा!"

बायकांच्या त्या अंगाला आजवर एकही पुरुष गेला नव्हता. तिथून चिमाजींचा आवाज आला.

"व्हय गं," ते म्हणाले. "डावाच हाये. आपला संपतच हाये त्यो."